मे महिन्यात मालवणला जातोय, मुलांना उन्हापासून कसं जपायचं? सनस्क्रीन लावायचं का?

चिमणीची_आई (पुणे)

नमस्कार मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मालवणला जातोय, सोबत लेक सात वर्षांची आणि बाळ पाच महिन्यांचं, शिवाय साबा-साबू (सासूबाई-सासरेबुवा) आणि नणंदेची दोन मुलं. लेकीचा आत्ता पोहण्याचा क्लास चालू आहे, टँक उघड्यावरच आहे आणि बॅच दुपारची ३ ची मिळाली कारण सकाळच्या सगळ्या भरलेल्या. पंधरवड्यात पोर इतकी रापलीये की स्विमसूटच्या पट्ट्यांच्या खुणा पाठीवर उमटल्यात, आणि गालावर फिकट पांढरट गोल डाग दिसायला लागलेत. साबा म्हणतात जंत झालेत, नणंद म्हणते कॅल्शियम कमी पडतंय, क्लासमधली एक आई म्हणाली सनस्क्रीन लावत जा म्हणून.

तर माझे प्रश्न असे की आपल्या सावळ्या रंगाच्या मुलांना सनस्क्रीनची खरंच गरज असते का, की ते गोऱ्या लोकांसाठी असतं? लावायचं तर मोठ्यांचंच चालतं का मुलांचं वेगळं घ्यायचं, दुकानात एसपीएफ ३० पासून ५० प्लस पर्यंत सगळं आहे आणि किमतीत दुपटीचा फरक आहे. बाळाला काय करायचं? साबांचं म्हणणं खोबरेल तेल चोपडा, काही होत नाही. त्यांना दुखवायचं नाहीये पण मला नीट माहिती हवी आहे, कारण एकदा पोर भाजून निघाली तर सुट्टीची वाट लागेल आणि त्रास तिलाच होईल. ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

दर्यावर्दी_मालवण

ताई, नक्की या. मी इथलाच, घरात पर्यटकांची सोय करतो त्यामुळे मे महिन्यात हेच बघत असतो. पुण्या-मुंबईची मंडळी आठला उठतात, आरामात घावणे-चटणी खातात आणि ११ वाजता किनाऱ्यावर उतरतात ती जेवायलाच वर येतात, २ वाजता. संध्याकाळी पोरं लालबुंद, खांद्याला हात लावू देत नाहीत, रात्रभर रडतात. इथली कोळ्यांची पोरं त्या वेळी तुम्हाला पाण्यात दिसणार नाहीत, ती पहाटे किंवा उन्हं कलल्यावर.

तुम्ही ज्या आठवड्यात येताय तेव्हा सूर्य इथे जवळजवळ बरोब्बर डोक्यावर असतो. शून्य सावली दिवस म्हणतात ना, तो मालवणला मेच्या पहिल्या आठवड्यातच होऊन जातो, तुमच्या पुण्यात १३-१४ मेच्या आसपास. दुपारी साडेबाराला काठी उभी केली तर सावली काठीच्या पायाशीच. अशा उन्हात वाळू खालून आणि सूर्य वरून. छत्रीखाली बसलं म्हणजे सुटलो असं नाही, वाळूवरून ऊन परत अंगावर येतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, सकाळी ७ ला पाण्यात उतरा, ९ ला बाहेर. किल्ला बघायचा तर पहिल्या होडीने जा, सिंधुदुर्गावर सावली फार कमी आहे आणि परतीच्या होडीला रांग लागली तर मुलं भर उन्हात उभी राहतात. दुपारी घरात झोप, पत्ते, आंबे. ४ नंतर परत दर्यावर. संध्याकाळचा समुद्र तसाही जास्त सुंदर असतो.

अजून एक, काजूच्या बिया आणि आंब्याचा चीक यापासून मुलांना लांब ठेवा. शहरातली पोरं बोंडू तोडायला धावतात, बीचं तेल अंगाला लागलं की कातडी जळते आणि आईबापांना वाटतं ऊन लागलं.

त्वचारोग_डॉक्टर

मी स्किनची डॉक्टर आहे, तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरी सर्वसाधारण माहिती देते.

आधी गालावरच्या डागांचं, कारण हा प्रश्न घेऊन एप्रिल-मे मध्ये रोज आया येतात. फिकट, कडा अस्पष्ट असलेले, थोडे खरखरीत गोल डाग मुलांच्या गालावर दिसले तर बहुतेक वेळा ते पिटिरियासिस अल्बा असतं. साधारण ३ ते १६ वयात खूप कॉमन आहे. जंतांशी याचा संबंध नाही, कॅल्शियमशीही नाही. कोरडी त्वचा असलेल्या मुलांना होतं आणि उन्हाळ्यात जास्त उठून दिसतं कारण आजूबाजूचा चेहरा रापतो आणि तेवढा भाग रापत नाही. साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा आणि उन्हात जाताना सनस्क्रीन, काही महिन्यांत हळूहळू रंग भरून येतो. डाग अगदी दुधासारखा पांढरा असेल, कडा स्पष्ट असतील किंवा वाढत असेल तर मात्र दाखवून घ्या.

आता सावळ्या रंगाचं. मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, आपल्याला काही प्रमाणात वाचवतं हे खरंच आहे, त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी होतो हेही खरं. पण वाचवतं म्हणजे भाजतच नाही असं नाही. फक्त गोऱ्या मुलाची कातडी लाल दिसते आणि आपल्या मुलांची लाली पटकन कळत नाही, हात लावला की गरम लागते आणि मूल कपडे घालताना कुरकुरतं. भाजलेलं लगेच दिसत नाही, चार-सहा तासांनी कळायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. म्हणून 'अजून काही झालं नाही, खेळू दे अजून अर्धा तास' हे फार फसवं आहे. शिवाय काही मुलांना उन्हाची ॲलर्जी असते, हातावर मानेवर बारीक खाजरी पुटकुळ्या येतात आणि सगळे त्याला घामोळं समजून पावडर मारत बसतात. डोळ्यांनाही यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, त्रास होतो, तिथे मेलॅनिन फारसं कामी येत नाही.

बाळ पाच महिन्यांचं आहे ना, त्याला सनस्क्रीन नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून त्यांना सावली आणि कपडे हाच उपाय. पातळ सुती पूर्ण बाह्यांचं झबलं, कडा असलेली टोपी, आणि भर दुपारी बाहेर न्यायचंच नाही. बाबागाडीवर ओढणी घट्ट पांघरू नका, आत हवा कोंडते आणि बाळ तापतं.

लेकीसाठी: एसपीएफ म्हणजे भाजण्यापासून किती बचाव होतो तो आकडा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (मुख्यतः भाजणारे किरण) अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे फरक एका टक्क्याचा, त्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. मात्र एसपीएफ फक्त यूव्हीबीचं सांगतं, यूव्हीए (मुख्यतः रापवणारे किरण) साठी ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलंय का किंवा पीए (यूव्हीएपासूनच्या बचावाची खूण) पुढे तीन-चार अधिकचिन्हं आहेत का बघा. पाण्यात जाणार तर वॉटर रेझिस्टंट हवं. मुलांच्या नावाने विकतात तेच घ्यायला पाहिजे असं नाही, मागचं लेबल वाचा, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड वालं असेल तर उत्तम, ते त्वचेच्या वरच्या थरावर राहतं आणि चुरचुरत नाही. सुगंधी नको. स्प्रे पण नको, मुलं ते श्वासात ओढतात. बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसलं की परत.

खोबरेल तेल रात्री लावा, त्वचा मऊ राहते. उन्हापासून ते वाचवत नाही.

मेलबर्नकर_मुग्धा

मी मेलबर्नला असते, दोन्ही मुलं इथल्याच प्राथमिक शाळेत. इथे ऊन हा विषय शाळेत पहिल्या दिवसापासून आहे. ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत टोपीशिवाय मैदानावर सोडतच नाहीत, टोपी विसरलं तर मधल्या सुट्टीत शेडमध्ये बसायचं, आणि शिक्षकसुद्धा टोपी घालूनच बाहेर येतात. मूल गोरं आहे की आपल्यासारखं गव्हाळ, नियम सगळ्यांना सारखा. १९८१ साली इथे स्लिप स्लॉप स्लॅप नावाची मोहीम निघाली, त्यात एक सीगल पक्षी गाणं म्हणत नाचतो, शर्ट चढवा, क्रीम फासा, टोपी घाला, नंतर त्यात सावली शोधा आणि गॉगल लावा हेही आलं. त्यात शर्ट पहिला आहे हे बघा! क्रीम दुसरं.

मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे यूव्ही इंडेक्स, म्हणजे यूव्ही किती तेज आहे ते सांगणारा आकडा. इथे हवामानात तापमानाबरोबर तो आकडा सांगतात, भारतातही मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये असतो, कुणी बघत नाही एवढंच. ३ च्या खाली असेल तर काही करायची गरज नाही, ३ झाला की टोपी-क्रीम सुरू, ८ च्या वर फार जास्त आणि ११ च्या वर म्हणजे शक्यतो बाहेर नकोच. मे महिन्यात पुण्यात, कोकणात दुपारी आकाश स्वच्छ असेल तर ११ च्या वर सहज जातो. आणि हा आकडा गरमीवर अवलंबून नाही, वारा सुटलाय गार वाटतंय म्हणून ऊन कमी झालं असं होत नाही, समुद्रावर तर हमखास तीच गफलत होते. पातळ ढग असले तरी बराचसा यूव्ही खाली येतोच.

पोहायला इथली मुलं पूर्ण बाह्यांचा, गळाबंद टॉप घालतात, त्याला रॅशी म्हणतात. भारतात पण ऑनलाईन मिळतात, यूपीएफ ५० लिहिलेलं बघायचं, म्हणजे पन्नासात एकच भाग आत जातो. साधा पांढरा कॉटनचा टीशर्ट ओला झाला की ऊन आत जातं, त्यापेक्षा गडद रंगाचा घट्ट विणीचा चांगला. टोपी बेसबॉलवाली नको, कान आणि मान उघडी राहते. चौफेर कड असलेली, निदान ५-६ सेंटिमीटर कड, नाहीतर मागे कापड लोंबणारी.

वऱ्हाडी_बाप्पू

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आम्ही नागपूरचे, ४५ डिग्रीत मोठे झालो, डोक्याला पंचा बांधायचा, प्यायला पन्हं आणि दुपारी घरात कूलरसमोर, बस. क्रीमबिम कोणी लावलं नाही. मला खरी काळजी वेगळीच वाटते, आमच्या सोसायटीत अर्ध्या पोरांना व्हिटॅमिन डी कमी निघालं. एवढं ऊन असलेल्या देशात! मग अजून क्रीम थोपून, टोप्या घालून, घरात कोंडून ठेवलं तर हाडांचं काय होईल? पोरं मैदानावर उतरली पाहिजेत हे माझं मनापासून मत आहे. डॉक्टरांनी यावर जरूर लिहावं.

त्वचारोग_डॉक्टर

बाप्पू, मुद्दा रास्त आहे आणि मैदानाबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. व्हिटॅमिन डी कमी निघतं कारण मुलं शाळा, ट्यूशन, व्हॅन, मोबाईल यातच असतात, सनस्क्रीन लावून लावून कमी झालंय असं मूल मला ओपीडीत सहसा दिसत नाही. रोजच्या व्यवहारात क्रीम लावूनही थोडं ऊन आत जातंच, कारण कुणी इतकं जाड आणि इतकं वेळेवर लावत नाही. सावळ्या त्वचेला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो हेही खरं, म्हणून शाळेत येता-जाता, अंगणात, गच्चीवर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ ऊन मिळू दे, त्याला क्रीमची गरज नाही. मी जे सांगतेय ते तासन्‌तास पाण्यात, वाळूवर, क्रिकेटच्या मैदानावर असण्याबद्दल.

आणि तान्ह्या बाळांबद्दल, आपल्याकडे तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतात, ते छान आहे, बाळाला ऊब मिळते. पण कोवळ्या उन्हात यूव्हीबी फार कमी असतं त्यामुळे त्यातून डी पुरेसं मिळेल असं धरून चालू नका, पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात ते चालू ठेवा.

तुमचा पंचा मात्र फार उत्तम उपाय आहे, डोकं, कान, मान सगळं झाकलं जातं. फक्त ऊन लागणं (उष्णतेचा त्रास) आणि यूव्हीने भाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागपूरची मंडळी मे मध्ये मनालीला जातात ना, तिथे गार वाटतं म्हणून पंचा बॅगेत जातो. दर हजार मीटर उंचीला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतो आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. बर्फात खेळून आलेली मुलं हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजलेली मी पाहिली आहेत, तिथे वरून ऊन येतच नाही.

ईशानचे_बाबा (नाशिक)

माझ्या मुलाला कोड आहे, डोळ्यांभोवती आणि गुडघ्यांवर. त्या डागांत मेलॅनिनच नसतं त्यामुळे बाकीच्या अंगाला काही होत नाही तेवढ्या उन्हात ते डाग भाजतात. आमच्याकडे सनस्क्रीन ही ब्रश-पेस्टसारखी रोजची गोष्ट आहे म्हणून प्रत्यक्ष लावायचं कसं ते लिहितो, कारण सगळे काय घ्यायचं ते सांगतात, पण लावताना हमखास कमी पडतं.

मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला साधारण ३० ते ३५ मिली लागतं, सात वर्षांच्या मुलीला त्याच्या निम्मं धरा. म्हणजे ५० मिलीची ट्यूब तीन वेळात संपली पाहिजे! आपण ती अख्खा उन्हाळा पुरवतो. कमी लावलं की ५० लिहिलेलं असलं तरी अंगावर ५० राहत नाही. म्हणून मुग्धाताई म्हणतात तो पूर्ण बाह्यांचा स्विमसूट आणि खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी घेतलीत तर तोंड, मान, कान, हाताचे पंजे, पोटऱ्या आणि पावलं एवढंच उरतं आणि खर्च एकदम खाली येतो. एका सूटचे पैसे दोन ट्यूबमध्ये वसूल.

विसरल्या जाणाऱ्या जागा: कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांची वरची बाजू, गुडघ्यांच्या मागची खळगी आणि मुलींच्या केसांतला भांग. दोन वेण्या घातल्या की मधला भांग सरळ उन्हात असतो. ईशान आधी फार पळायचा, आता मी सुरुवात कानांपासून करतो कारण शेवटी ठेवलं की ते राहूनच जातं, आणि नाक-गाल त्याला स्वतः आरशात बघून लावू देतो. तोंडावर ठिपके द्यायचे, मग पसरायचं, चोळायचं नाही. डोळ्यांजवळ स्टिक वापरा, घामाने ओघळत नाही. झिंकवाल्याने सावळा चेहरा पांढुरका दिसतो, मुलं एकमेकांना चिडवतात, त्यासाठी हल्ली किंचित रंग असलेली मिळतात. नवीन क्रीम दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, प्रवासात पुरळ उठायला नको. गाडीच्या डॅशबोर्डवर ट्यूब ठेवू नका, उष्णतेने ती खराब होते.

आणि एक विनंती सगळ्याच पालकांना. वर्गात कोड असलेलं किंवा जन्मतः रंगद्रव्य नसलेलं मूल असेल तर शाळेला सांगून पीटीचा तास सकाळचा पहिला करून घ्यायला मदत करा. आमच्याकडे चार पालकांनी मिळून अर्ज दिला, बदल झाला, आणि फायदा अख्ख्या वर्गाला झाला. एकट्या पालकाने सांगितलं की त्या मुलाकडे बोट दाखवलं जातं.

चिमणीची_आई (पुणे)

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. डागांचं वाचून साबांना दाखवलं, त्याही ऐकल्या. दोन शंका. पोहण्याची ३ ची बॅच बदलून ४ ची मिळतेय, त्याने काही फरक पडतो का, आणि टँकमध्ये पाण्यात असताना ऊन लागतं का? दुसरं म्हणजे साबा म्हणतात रापलेल्या हातांना लिंबू चोळ, उजळतात.

त्वचारोग_डॉक्टर

लिंबू अजिबात नको!! लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर त्या जागी भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे ओघळ राहतात, कधी कधी महिनोन्‌महिने. बीचवर मुलं लिंबू सरबत पितात, हातावर ओघळ येतात, दुसऱ्या दिवशी मनगटावर पट्टे दिसतात आणि आई विचारते कुणी मारलं का. सरबत प्यायलं की हात धुवायचे. डाळीचं पीठ-साय लावू द्या साबांना, त्याने अपाय नाही, पण जोरात घासायचं नाही. रापलेलं आपोआप उतरतं.

पाण्यात ऊन लागतंच, अर्धा मीटर खाली सुद्धा वरच्या सुमारे ४० टक्के यूव्ही पोचतो, आणि मुलांचं डोकं, खांदे तर वरच असतात. बॅच जरूर बदला. सोपी खूण अशी की सावली स्वतःपेक्षा छोटी असेल तर ऊन तेज आहे. मे महिन्यात पुण्यात साधारण साडेनऊ ते पावणेचार सावली आपल्यापेक्षा छोटीच असते, ४ नंतर लांब व्हायला लागते. लेकीला ही खूण शिकवा, मुलांना सावली मोजायला आवडतं. ४ ला सुद्धा सूट आणि क्रीम हवंच, पण ३ च्या मानाने बराच फरक.

दर्यावर्दी_मालवण

माझीही एक विनंती. स्नॉर्कलिंगला जाणार असाल तर पाण्यात उतरताना शक्यतो झिंकवालंच लावा. सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळ आहे, १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट या दोन रसायनांनी प्रवाळाला धोका होतो म्हणून हवाईने ती असलेली सनस्क्रीन विकायला २०२१ पासून बंदी घातली. इथे अशी बंदी नाही पण लेबलवर ही दोन नावं नाहीत ना एवढं बघून घ्या. पूर्ण बाह्यांचा सूट घातलात तर क्रीम पाण्यात जातंच कमी.

नणंद_मी_पण (ठाणे)

मीही मे मध्येच जातेय म्हणून विचारते, एवढं करूनही भाजलंच तर? जवळ डॉक्टर नसेल तर घरी काय करायचं? आणि गाडीत खिडकीशी बसलेल्या मुलाला लागतं का ऊन?

त्वचारोग_डॉक्टर

गाडीची काच यूव्हीबी बरंचसं अडवते, यूव्हीए बाजूच्या काचांमधून आत येतो. भाजणार नाही पण लांबच्या प्रवासात एक हात रापेल, जाळीचा पडदा लावा.

भाजलं तर आधी सावलीत आणा, गार पाण्याची आंघोळ किंवा ओला पंचा १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नका, टूथपेस्ट, तूप, हळद काही नको. मग बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा कॅलामाइन. भरपूर पाणी, शहाळं. दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. फोड आले तर फोडू नका. फोड बरेच असतील, ताप, उलटी, गुंगी असेल किंवा एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पूर्ण बरं होईपर्यंत समुद्र बंद, आणि बाहेर पडायचंच झालं तर सैल सुती कपड्यांनी तो भाग झाकून.